गव्हावाचूनचे भाजणे: बदामाचे पीठ आणि रावेरचे केळे

ज्या घरात पोळी म्हणजेच अन्न असे समीकरण होऊन बसले आहे, त्या घरातील एखाद्या मुलाला गहू सोसत नाही असे निघाले म्हणजे काय होते, याची कल्पना पुष्कळांस नसते. मूल चार-पाच वर्षांचे होते. हातपाय काडीसारखे राहतात आणि पोट मात्र पुढे येते. जुलाब थांबत नाहीत, अंगात रक्त भरत नाही, उंची वाढत नाही. दृष्ट काढून होते, जंतांचे औषध देऊन होते, शक्तिवर्धकांच्या बाटल्या रिकाम्या होतात. अखेर एखादा जाणता डॉक्टर रक्त तपासावयास सांगतो, आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, आणि निदान होते की हा सिलिअक नावाचा विकार आहे. त्यावर औषध नाही, उपाय एकच. गहू आणि सातू ही धान्ये जन्मभर वर्ज्य करावयाची.

हा विकार परदेशीच आहे अशी समजूत होती, ती आता राहिलेली नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील एका पाहणीत शंभर माणसांमागे सुमारे एकाला तो आढळला. जेथे गहू हे रोजचे अन्न, तेथे तो अधिक दिसतो. खानदेशात एके काळी रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची असे आणि गहू सणासुदीला येई. आता शहरात काय आणि खेड्यात काय, पोळी दोन्ही वेळा ताटात असते, आणि दुपारच्या चहाबरोबर बिस्किट व खारी असते ती निराळीच.

रावेर हे सातपुड्याच्या पायथ्याचे, भुसावळहून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. तेथील एखाद्या घरी असे निदान झाले आहे असे समजा. आई पहिल्या दिवशी डॉक्टरांना रोगाविषयी विचारते. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मनात निराळेच प्रश्न उभे राहतात. जेवणाचे कसेही निभेल. घरात ज्वारी आहे, उडीद घालून दळलेला कळणा आहे, भात आहे. पण मुलाच्या वाढदिवसाला केक कशाचा करावयाचा? दिवाळीच्या नानकटाईचे काय? लग्नाच्या पंक्तीत वरण-बट्टी वाढली जाईल तेव्हा याच्या पत्रावळीवर काय पडेल? मुलाला पथ्य पाळणे जड जात नाही. चारचौघांत वेगळे बसावे लागते ते त्याला जड जाते. आणि मोठ्या शहरातील आहारतज्ज्ञ जो कागद लिहून देतात, त्यावर भाजावयाच्या पदार्थांसाठी पहिले नाव असते ते सोललेल्या बदामाच्या पिठाचे.

या पिठाची योग्यता समजावयाची तर प्रथम गव्हाची योग्यता समजली पाहिजे. कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवावा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळीत धुवावा. पांढरे दूध वाहून जाते. कुरडयांसाठी ज्याला चीक म्हणतात तेच हे सत्त्व. पाणी नितळ येऊ लागले म्हणजे बोटांत रबरासारखा, ओढला तर ताणणारा आणि सोडला तर आखडणारा पिवळट गोळा उरतो. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटताना फाटत नाही, पुरण भरलेला मांडा हातांवर तलम होत जातो, पाव फुगतो आणि फुगलेला राहतो, हे सर्व या चिवट जाळ्याचे काम. खमिराने किंवा सोड्याने वायू उत्पन्न होतो. त्याला कोंडून ठेवणारी पिशवी ग्लुटेनची असते. (जाता जाता सांगितले पाहिजे, की चीक काढला म्हणजे ग्लुटेन सगळे गेले असे नव्हे. गव्हाच्या कुरडया या मुलांना चालत नाहीत.)

ही पिशवी नाहीशी झाली की भाजणाऱ्यापुढे दोन वाटा राहतात. पहिली वाट मराठी बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, तांदळाच्या पिठात नाही. तरीही भाकरी थापली जाते आणि मोदकाची पारी वळली जाते. ते कसे? उकळत्या पाण्याने. पिठातील सत्त्व गरम पाण्यात फुलून चिकट होते आणि तेच बंधनाचे काम करते. उकड काढणे ही क्रिया म्हणजे ग्लुटेनवाचून पीठ बांधण्याचे शास्त्रच होय. ते कोणत्याही पाकशाळेत शिकविण्यापूर्वी माजघरात शिकविले जात होते.

बदामाच्या बाबतीत मात्र ही वाट बंद आहे. बदामात ग्लुटेन नाही आणि उकड येण्याजोगे सत्त्वही जवळजवळ नाही. त्यात निम्मे वजन तेलाचे, पाचवा हिस्सा प्रथिनांचा, बाकीचा बराचसा भाग चोथ्याचा. म्हणून बदामाचे पीठ गरम पाण्यात कितीही मळले तरी त्याची भाकरी व्हावयाची नाही. येथे दुसरी वाट धरावी लागते, ती अंड्याची. अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात आणि गोठताना पिठाचे कण व हवेचे बुडबुडे जागच्या जागी धरून ठेवतात. स्पेनमधील सांतियागोचा प्रसिद्ध केक केवळ बदाम, साखर आणि अंडी यांचा असतो. त्यात धान्याचे पीठ मुळीच नसते. तो कोणा रोग्यासाठी निघालेला नाही. चवीसाठी निघाला आहे. गव्हावाचूनचे भाजणे म्हणजे दुःखाने गिळावयाचे पथ्य अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता पीठ करण्याची रीत. बाजारात ते तयार मिळते. परंतु ते महाग, आणि जुने असले तर खवट. घरी करणे अवघड नाही. पातेल्यात पाणी खळखळ उकळवून त्यात बदाम टाकावेत, मिनिटभराने उपसून थंड पाण्यात घालावेत. मग चिमटीत धरून दाबले की साल सुटून गर उडी मारून बाहेर येतो. सालीत तुरटपणा असतो आणि तिचे तपकिरी ठिपके पदार्थात दिसतात, म्हणून ती काढावयाची. यानंतरची पायरी बहुतेक जणींकडून घाईने उरकली जाते आणि तेथेच काम बिघडते. सोललेले बदाम पूर्ण वाळले पाहिजेत; फडक्यावर पसरून पंख्याखाली एक दिवस तरी ठेवावेत. दळताना यंत्र थांबून थांबून फिरवावे, थोडे थोडे दळावे, चाळावे, चाळणीवरचे पुन्हा दळावे. सलग फिरविले तर बदाम तापतो, तेल सोडतो आणि पिठाऐवजी लोण्यासारखा लगदा हाती येतो. कृतीत साखर असेल तर तीतली दोन चमचे बरोबर दळल्याने पीठ मोकळे राहते. खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत हे पीठ फडताळात ठेवणे म्हणजे ते आठ-पंधरा दिवसांत खवट करणे होय. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ते शीतकपाटात ठेवावे.

भाजतानाही बदामाचा स्वभाव ओळखून वागावे लागते. मैद्याच्या जागी तितकेच बदामाचे पीठ घातले की केक झाला, ही समजूत चुकीची आहे. पिठाचे स्वतःचेच तेल असल्यामुळे तूप कमी लागते आणि अंडी अधिक लागतात. आच मंद हवी, १६० अंशांच्या आसपास. नाही तर वरून करपते आणि आत ओले राहते. मोठ्या डब्यापेक्षा लहान वाट्यांत भाजलेले चांगले उतरते. बाहेर काढल्यावर पुरते निवेपर्यंत कापू नये, कारण गरम असता त्याचा भुगा होतो. खमिराचा पाव याचा होत नाही. त्याचा हट्ट धरू नये.

इथपर्यंत सारे खरे. पण रावेरच्या त्या आईपुढे किमतीचा प्रश्न उरतोच. भारतात येणारा बराचसा बदाम कॅलिफोर्नियातून येतो. गव्हाच्या कित्येक पट त्याची किंमत. वाढदिवसाला तो परवडेल, रोजच्या डब्याला परवडणार नाही. जे पथ्य जन्मभराचे आहे ते वाण्याच्या उधारीवर चालत नाही. पहिले सहा महिने उत्साहाने पाळले जाते आणि मग एक दिवस मुलाच्या हातात गुपचूप बिस्किट दिले जाते. म्हणून जे पीक अंगणात आहे त्याकडे वळणे हा येथे उपचाराचाच भाग ठरतो.

बदामाची जागा दुसऱ्या बियांनी घेतल्याचे दाखले आहेतच. गोव्यात नाताळाचे मार्झिपान बदामाऐवजी काजूचे करतात. तमिळ देशातील तुत्तुकुडीचे मॅकरून काजू, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचे असतात. खानदेशला मग शेंगदाणा आहे. त्यातही निम्म्याच्या जवळपास तेल, प्रथिने तर बदामाहून थोडी अधिक. मंद भाजून, चोळून, सुपात पाखडून साल काढली आणि वर सांगितल्याप्रमाणे थांबून थांबून दळले की बदामाच्या पिठाची पुष्कळशी कामे ते करते. चव उग्र असते हे खरे. ती वेलदोडा आणि गूळ सावरून घेतात. दाणे मात्र निवडून घ्यावेत, बुरशी धरलेला एकही नको. आणि काही मुलांना बदाम किंवा शेंगदाणा यांचेच वावडे असते. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

दुसरे पीक केळीचे. रावेर, सावदा, निंभोरा येथून केळी रेल्वेने उत्तरेकडे जातात हे सर्वांस ठाऊक आहे. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२१ साली रावेर तालुक्यातील तांदलवाडीचा २२ टन माल त्या मानांकनासह दुबईला गेला. परंतु भाव पडला किंवा वादळाने बाग आडवी झाली म्हणजे तोच माल बांधावर सडतो. त्या कच्च्या, हिरव्या केळ्याचे पीठ होते. साल काढून चकत्या ताकाच्या किंवा लिंबाच्या पाण्यात टाकाव्यात म्हणजे काळ्या पडत नाहीत. मग कडक उन्हात कुडकुडीत वाळवून दळाव्यात. केळ्याच्या गरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते आणि साल वेगळीच जाते, म्हणून सहा किलो केळ्यांतून जेमतेम किलोभर पीठ पडते. त्यात ग्लुटेन नाही, परंतु सत्त्व भरपूर. बदामात जे नाही तेच केळ्याच्या पिठात आहे. एकाने मऊपणा व स्निग्धता द्यावी, दुसऱ्याने पाणी धरून बांधणी द्यावी, अशी ही जोडी जमते. केळ्याचे पीठ एकटे वापरले तर मात्र पदार्थ दगडासारखा घट्ट होतो आणि रंग मातकट येतो. चार वाट्यांत एक वाटी, हे प्रमाण ओलांडू नये.

एक कृती सांगण्याजोगी आहे. बदामाचे किंवा शेंगदाण्याचे पीठ, अथवा दोन्ही निम्मे निम्मे, असे दीडशे ग्रॅम, कच्च्या केळ्याचे पीठ पन्नास ग्रॅम, साल काळी पडू लागलेली दोन पिकलेली केळी कुस्करून, तीन अंडी, ऐंशी ग्रॅम किसलेला गूळ, दोन चमचे तूप, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, एका लिंबाचा रस, वेलदोड्याची पूड आणि चवीला मीठ. अंडी व गूळ प्रथम चांगले फेसून घ्यावेत, त्यात केळी मिसळावी, मग पिठे, आणि सोडा व लिंबू अगदी शेवटी. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी व रबरी कडे काढून, मंद आचेवर भाजावे. पाऊण तासाने सुरी खुपसून पाहावी. ज्या घरात अंडे येत नाही, आणि खानदेशात अशी घरे पुष्कळ आहेत, तेथे केकचा नाद सोडून नानकटाईकडे वळणे शहाणपणाचे. तिला फुगावयाचे नसते, खुसखुशीत व्हावयाचे असते, आणि ते तुपाने साधते. केकच करावयाचा तर चमचाभर इसबगोल पाण्यात भिजवून घालावा. तो थोडी बांधणी देतो, अंड्याची बरोबरी करीत नाही.

आणि बट्टी? मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात उकडून, त्यात चौथा हिस्सा केळ्याचे पीठ मिसळून, वळून, वाफवून, कापून तुपात तळली तर वरणाबरोबर पत्रावळीवर शोभते. गव्हाच्या बट्टीची चव तिला नाही. परंतु मुलाला पंक्तीतून उठावे लागत नाही.

केळ्याचे एवढे गुण गाइल्यावर एक इतिहास सांगणे कर्तव्यच आहे, कारण याच केळ्याने याच रोगात एकदा मोठी दिशाभूल केली. १९२४ साली न्यूयॉर्क येथील सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने सिलिअकच्या दहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या काळी हा रोग बालकांचा काळच समजला जाई. हास यांनी आठ मुलांना पाव, बिस्किटे, बटाटे, धान्ये बंद करून भरपूर केळी दिली. ती आठही सुधारली. उरलेली दोन, ज्यांना हा आहार मिळाला नाही, ती दगावली. केळ्याचा जयजयकार झाला, आणि पुढील अनेक वर्षे अमेरिकेत सिलिअकची मुले केळ्यांवर वाढविली गेली. हजारोंचे प्राण वाचले यात शंका नाही. पण ते कशाने वाचले? हास यांचे मत असे की केळ्यात रोग बरा करण्याची शक्ती आहे. म्हणून मूल धष्टपुष्ट झाले की ते बरे झाले असे समजून त्याला पुन्हा पाव सुरू होई, आणि आतडे आतल्या आत पुन्हा झिजू लागे.

खरे कारण सापडले ते हॉलंडात. विलेम डिके हे हेग येथील मुलांच्या इस्पितळाचे डॉक्टर. गव्हाविषयी त्यांना आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सारी मुले खंगत असता सिलिअकची मुले मात्र बरी राहिली, आणि पुन्हा पाव मिळू लागताच ती आजारी पडली. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी गव्हावर बोट ठेवले, आणि लवकरच त्यांच्या सहकाऱ्यांसह तो दोष ग्लुटेनपर्यंत नेऊन भिडविला. केळे निर्दोष ठरले, पण त्याचे श्रेय गेले. मुले केळे खाल्ल्याने नव्हे, पाव न खाल्ल्याने वाचली होती.

ही हकीकत जुनी असली तरी तीतली चूक जुनी झालेली नाही. बदामाचे पीठ आणले, केळ्याचे पीठ केले, मुलाचे गाल भरले; आता आठवड्यातून एखादी पोळी काय करणार, असे आजी म्हणते आणि वडील मान डोलावतात. बदाम औषध नाही, केळेही नाही. ती केवळ गव्हाची रिकामी झालेली जागा भरतात, आणि ती जागा पुन्हा गव्हाने भरली तर बदामाचा डोंगर खाऊन उपयोग नाही. उलट पक्षी, निदान होण्यापूर्वीच संशयाने गहू सोडणेही बरे नव्हे. गहू सुटल्यावर रक्ताची तपासणी खोटे आश्वासन देऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नये.

आणि गहू केवळ पोळीतच असतो असे नाही. डबीतील बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. डबीवरचे बारीक अक्षर वाचावे. दुधात घालावयाची माल्टची पूड सातूची असते. उपासाचे राजगिरा, शिंगाडा, भगर हे पदार्थ स्वभावतः निर्दोष. उपासाचे स्वयंपाकघर हे या मुलांचे हक्काचे स्वयंपाकघर म्हणावयास हरकत नाही. पण तेच पीठ गव्हामागून त्याच गिरणीत दळले तर निर्दोष राहत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणून विकावयाच्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे असा नियम आहे. चिमूटभर कणकेने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दिवाळीत नानकटाईचे पत्रे गल्लीतल्या बेकरीत नेऊन भाजून आणण्याची रीत मोठी सोयीची, पण जेथे दिवसभर मैदा उडत असतो तेथील भट्टीत या मुलाचा पत्रा जाता कामा नये.

गिरणीचा प्रश्न सर्वांत बिकट. दळणाऱ्याला कितीही सांगितले तरी जात्याच्या पोटात आधीच्या गव्हाचे पीठ असतेच. म्हणून लहानशी घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. ती घेण्याची ऐपत नसेल तर पाथरवटाकडून नवे जाते घ्यावे; माळ्यावरचे आजीच्या काळातले चालत नाही, कारण त्याच्या टाक्यांत वर्षानुवर्षांचे गव्हाचे पीठ बसलेले असते. नव्या जात्याला टाकी लावून, स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवावे. प्रथम दोन-चार मुठी तांदूळ दळून ते पीठ टाकून द्यावे म्हणजे दगडाची कच निघून जाते; मग ज्वारी घ्यावी. पोळपाट, चाळणी आणि तवा त्या मुलाचे निराळे असावेत, आणि त्यांवर खूण म्हणून एक लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घाईच्या सकाळी पाहुणी आलेली मावशीही चुकावयाची नाही.